‘सेटअप पूर्ण’ म्हणाली, पण टेबलच नाही

“मामा, सेटअप पूर्ण झालं म्हणतंय आणि टेबलच नाही असंही म्हणतंय. दोन्ही एकाच स्क्रीनवर.”

जानेवारीची अखेर, रात्रीचे साडेनऊ. भाचा निफाडच्या बाजूला एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून आवक-जावकीच्या हिशेबापर्यंत सगळं. जुना डेस्कटॉप अखेरच्या घटका मोजत होता, म्हणून मालकांनी नवा लॅपटॉप आणला. डेटाबेस उभा करणारी स्क्रिप्ट जुनीच, २०२१ मध्ये कुणीतरी लिहून दिलेली. तो मुलगा आता पुण्याला असतो आणि फोन उचलत नाही. हंगाम तोंडावर, सकाळी सात वाजता क्रेट उतरायला लागणार आणि नोंद करायला टेबल, म्हणजे डेटाबेसमधला तक्ता, नाही. मी नाशिकला गंगापूर रोडवर घरी जेवायला बसलो होतो, ताट बाजूला सरकवलं.

असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो. माणसं बदलतात, घोटाळ्याची जात तीच राहते. म्हणून हा प्रकार एकदा सविस्तर लिहून ठेवतो. एक खुलासा आधीच करतो: मशीन हे सगळं रोमन लिपीत लिहितं, मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायचं.

स्क्रिप्ट म्हणजे कामांची यादी. मळ्यातल्या गड्याला आपण सांगतो: मोटार चालू कर, फिल्टर धू, एक नंबर प्लॉटचा व्हॉल्व्ह उघड, तासाभराने दोन नंबरचा उघड, मग येऊन सांग. आता समजा लाइटच नव्हती. शहाणा गडी पहिल्याच पायरीला परत येईल. पण अगदीच सांगकाम्या असेल तर मोटारीचं बटण दाबेल, काही झालं नाही तरी फिल्टर धुवेल, कोरड्या लाइनचे व्हॉल्व्ह एकामागून एक फिरवेल आणि दोन तासांनी येऊन सांगेल, “झालं मालक.” खोटं बोलायचं त्याच्या मनात नसतं. यादीत शेवटी ‘येऊन सांग’ असं होतं, म्हणून तो सांगतो.

भाच्याच्या स्क्रिप्टची यादी अशी होती: डेटाबेसमध्ये एक यूजर तयार कर, डेटाबेस तयार कर, त्या यूजरला हक्क दे, टेबलं उभी कर, गावांची आणि शेतकऱ्यांची यादी भर, आणि शेवटी स्क्रीनवर ‘सेटअप पूर्ण’ असं छाप. ही शेवटची ओळ नुसती ‘एको’ कमांड. आधी काय घडलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

त्याने व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवला. तळाच्या पंधराएक ओळी दिसत होत्या. ‘रिलेशन आवक डझ नॉट एक्झिस्ट’, खाली तीच ओळ पुन्हा, आणि त्याखाली दिमाखात ‘सेटअप पूर्ण’. पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या भाषेत रिलेशन म्हणजे टेबल. नात्यागोत्याशी संबंध नाही.

इथे बहुतेक जण काय करतात, तर शेवटची ओळ उचलून गूगलमध्ये टाकतात. आवक टेबल नाही ना, मग ते हाताने बनवू. बनवलं की पुढचं टेबल नाही म्हणून रडगाणं. असे तास जातात. कारण शेवटची चूक म्हणजे परिणामाचा परिणाम असतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी आलं नाही म्हणून व्हॉल्व्ह बदलण्यासारखं आहे ते. पहिली चूक शोधायची, आणि ती स्क्रीनच्या वरून कधीच निसटून गेलेली असते.

म्हणून त्याला म्हटलं, “फोटो नको. सगळं बोलणं फाइलमध्ये घे.” कमांडच्या पुढे २>&१ लिहायचं आणि मग उभी रेघ देऊन ‘टी’ नावाच्या कमांडला एका फाइलचं नाव द्यायचं. प्रोग्रॅमला दोन तोंडं असतात. नेहमीचं बोलणं एका तोंडाने, तक्रारी दुसऱ्या तोंडाने. नुसतं ‘टी’कडे वळवलं तर पहिल्या तोंडाचंच फाइलमध्ये जातं आणि नेमक्या तक्रारी गळतात. २>&१ म्हणजे दुसऱ्या तोंडाचं बोलणंही पहिल्याच्याच वाटेने पाठव. मग फाइल उघडायची, ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधायचा आणि पहिला सापडला की थांबायचं.

पहिला सापडला तो असा: फाइल टेबल्स.एसक्यूएल, ओळ चार, ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’. परवानगी नाही. टेबल बनवायचीच परवानगी नाही, मग ते असणार कुठून?

“पण मामा, जुन्या डेस्कटॉपवर हीच स्क्रिप्ट चालायची.”

चालायचीच. जुन्या मशीनवर पोस्टग्रेसची १३ वी आवृत्ती होती. नव्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलेलं, त्यासोबत १६ वी येते. मधल्या १५ व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, एक नियम बदलला. डेटाबेसच्या आत ‘पब्लिक’ नावाचा एक कप्पा, म्हणजे स्कीमा, असतो. पूर्वी त्यात कुणीही यूजर टेबल मांडू शकत असे, गावच्या पारावर कुणीही बसावं तसं. १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये ती मोकळीक बंद झाली. आता डेटाबेसचा मालक तिथे टेबल मांडू शकतो, किंवा ज्याला तसा हक्क मुद्दाम दिलाय तो.

स्क्रिप्टने हक्क दिला नव्हता का? दिला होता, आणि गोंधळ तिथेच आहे. ‘ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस’ अशी ओळ त्यात होती. वाचणाऱ्याला वाटतं, ऑल म्हणजे सगळं आलं. पण तो हक्क डेटाबेस या पातळीचा. त्यात जोडणी करता येते, नवा कप्पा काढता येतो, पण आधीपासून असलेल्या पब्लिक कप्प्यात टेबल मांडण्याचा हक्क येत नाही. सोसायटीच्या गेटचा पास मिळाला म्हणजे कुणाच्या फ्लॅटची किल्ली मिळत नाही, तसंच.

उपाय दोन. एक, डेटाबेस बनवतानाच मालक म्हणून त्या यूजरचं नाव घालायचं. दोन, ‘ग्रँट क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक’ ही वेगळी ओळ द्यायची, पण ती त्याच डेटाबेसला जोडून. नाहीतर हक्क भलत्याच डेटाबेसच्या पब्लिकवर दिला जातो आणि आपण कपाळाला हात लावून बसतो. मी पहिला उपाय पसंत करतो. एका छोट्या धंद्याच्या हिशेबाला एक यूजर आणि तोच मालक, एवढं पुरतं.

आता मूळ दुखण्याकडे. चौथ्याच ओळीला अडलं तर स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेलीच कशी? इथे अनुभवी माणसंही फसतात. भाच्याच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ ही ओळ होती. तिचा अर्थ, कुठलीही कमांड नापास झाली की तिथेच थांब. मग थांबली का नाही? कारण इथे कारभारी दोन आहेत. शेल, म्हणजे यादी वाचणारा. आणि पीएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा. शेल पीएसक्यूएलला अख्खी फाइल देऊन म्हणतो, एवढं करून ये. पीएसक्यूएल फाइलीतली एक ओळ नापास झाली तरी पुढची घेतो, तो त्याचा मूळ स्वभाव आहे. शेवटी शेलला सांगतो, फाइल वाचून झाली, निकाल शून्य. कमांड लाइनच्या जगात शून्य म्हणजे पास. शेल निर्धास्तपणे पुढे जातो.

ही खोड मोडायची तर पीएसक्यूएलला ‘-व्ही ऑन_एरर_स्टॉप=१’ असं सांगावं लागतं. मग तो पहिल्या चुकीला थांबतो आणि शेलला ३ हा निकाल देतो. तेव्हा कुठे ‘सेट -ई’ला जाग येते. दोन्ही हवेत. माझ्या मते हे पीएसक्यूएलचं मूळ वागणंच उलटं असायला हवं होतं, पण जुन्या स्क्रिप्टा त्यावर उभ्या आहेत, कोण बदलणार.

एवढं करून भाच्याने पुन्हा चालवली. आता भलतीच तक्रार: ‘रोल ऑलरेडी एक्झिस्ट्स’. रोल म्हणजे यूजर.

“मामा, मघाशी नाही नाही म्हणत होतं, आता आहे म्हणतंय.”

आमच्याकडे गोदेला पूर आला की लोक विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. अर्धवट कोसळलेल्या स्क्रिप्टचंही तसंच विचारायचं: कुठपर्यंत चढली होती? मघाच्या फेरीत यूजर बनला होता, डेटाबेसही बनला होता, टेबलं नव्हती. म्हणजे कमरेपर्यंत. आता पहिल्या पायरीपासून सुरू केली तर झालेली कामं ‘आधीच झालंय’ म्हणून अडणार. हा दुसऱ्या फेरीचा आवाज आहे, नवा आजार नाही. पीएसक्यूएलमध्ये ‘\एल’ टाकलं की डेटाबेसांची यादी येते, ‘\डीयू’ने यूजर दिसतात आणि ‘\डीटी’ने टेबलं. तीन यादी पाहिल्या की पाणी कुठे आहे ते कळतं.

पुन्हा पुन्हा चालवता येईल अशी स्क्रिप्ट हवी असेल तर टेबलांच्या आधी ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ लिहितात: नसेल तरच बनव. मायएसक्यूएल या पोस्टग्रेससारख्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हे डेटाबेसलाही चालतं. पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट डेटाबेस’ला चालत नाही, तिथे आहे का ते आधी विचारावं लागतं. पण या शब्दांवर फार विसंबू नका. जुन्या बांधणीचं टेबल तिथे पडलेलं असेल तर ‘आहे की’ म्हणून ते गुपचूप पुढे जातं आणि नवा रकाना कधी येतच नाही.

मग सरळ सगळं उडवून पहिल्यापासून? नव्या, रिकाम्या मशीनवर जरूर. पण ‘ड्रॉप डेटाबेस’ लिहिण्याआधी आपण कुठल्या मशीनवर आहोत ते दोनदा बघा. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात माझ्यासमोर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक माझ्या लॅपटॉपची, दुसरी त्यांच्या चालू हिशेबाची. दोन्हींत पांढरी अक्षरं, दोन्हींत तेच नाव. ड्रॉप दुसरीत गेलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून सकाळपासूनच्याच पावत्या पुन्हा भराव्या लागल्या. त्या दिवसापासून चालू मशीनच्या खिडकीचा रंग मी लाल ठेवतो.

भाच्याच्या मशीनवर अजून काहीच नव्हतं, म्हणून उडवलं. टेबलं आली. पण गावांच्या यादीकडे वळण्याआधी जरा आडवाटेने जातो, कारण पुष्कळांची स्क्रिप्ट इथवरही पोचत नाही, दारातच अडते.

दारातले निरोप वेगवेगळे असतात आणि लोक सगळ्यांना मिळून ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतात. तसं करू नका. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेतच अडलं: भलता पत्ता, नाहीतर मध्ये फायरवॉल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे घरापर्यंत पोचलो, पण त्या दारामागे कुणी नाही: सर्व्हर बंद आहे किंवा दाराचा नंबर चुकला. पोस्टग्रेसचं नेहमीचं दार ५४३२, मायएसक्यूएलचं ३३०६. उबुंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या बसल्या तर दुसरी गुपचूप ५४३३ घेते आणि तुम्ही ५४३२ वर जुन्याच मालकाशी बोलत बसता. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही कमांड कोण कुठल्या दारामागे आहे ते सांगते. आणि ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ ही तर एका अर्थी चांगली बातमी. आतून कुणीतरी दारापर्यंत आलं, फक्त ओळख पटली नाही.

ओळख न पटण्यातला सगळ्यात चकवणारा प्रकार ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’. इथे पासवर्ड विचारलेलाच नसतो, त्यामुळे पासवर्ड बदलून काही होत नाही. एकाच मशीनवरून आत येताना पोस्टग्रेस लिनक्सला विचारतो, हा माणूस कोण? लिनक्समधलं नाव आणि मागितलेलं नाव जुळलं तर ये, नाहीतर नाही. वाण्याच्या उधारीसारखं, तोंड बघून खातं. म्हणून आधी ‘सुडो -यू पोस्टग्रेस’ म्हणून पोस्टग्रेसच्या नावाने जायचं, किंवा ‘-एच लोकलहोस्ट’ देऊन पासवर्डच्या दाराने. इंटरनेटवर यावर एक तिसरा उपाय हमखास सापडतो: कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलीत ‘ट्रस्ट’ लिहा. चालतं, कारण ट्रस्ट म्हणजे कुणालाही काही न विचारता आत घ्या. तात्पुरतं म्हणून लिहिलेलं ते ट्रस्ट तीन वर्षांनी तसंच सापडतं, मी पाहिलंय.

पासवर्ड बरोबर असून नापास होत असेल तर स्क्रिप्टमध्ये तो दुहेरी अवतरणात आहे का बघा. दुहेरी अवतरणात शेलला डॉलरचं चिन्ह दिसलं की तो त्याचा अर्थ लावायला जातो. पासवर्ड ‘बाग$१२३’ असेल तर $१ च्या जागी तो स्क्रिप्टला दिलेला पहिला शब्द घालतो. तसा शब्द नसेल तर काहीच नाही, उरतं ‘बाग२३’. एकेरी अवतरण केलं की डॉलर डॉलरच राहतो.

आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून स्क्रिप्ट सुरूच होत नसेल, आणि त्या निरोपात ‘^एम’ असं काही दिसत असेल, तर फाइल विंडोजवर तयार झालीय. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं, लिनक्स एक. टाइपरायटरवर शिकलेल्यांना चटकन कळेल: कॅरेज मागे आणणं एक काम आणि कागद एक ओळ वर सरकवणं दुसरं. विंडोजने दोन्ही जपली. लिनक्सला ती जादा खूण प्रोग्रॅमच्या नावाचाच भाग वाटते आणि त्या नावाचा प्रोग्रॅम काही सापडत नाही. ‘डॉस२युनिक्स’ फिरवलं की झालं.

परत निफाडला. आता गावांची यादी भरायची. ओझर गेलं, निफाड गेलं, दिंडोरी, लासलगाव गेलं. पिंपळगाव बसवंतला अडलं: ‘व्हॅल्यू टू लाँग फॉर टाइप कॅरॅक्टर व्हेरिंग (१०)’. रकाना दहा अक्षरांचा होता, नाव मोठं आहे म्हणे.

“मामा, मी मोजली. नऊ अक्षरं आणि एक जागा. बरोब्बर दहा.”

त्याने बरोबर मोजली होती. पिं, प, ळ, गा, व. ब, स, वं, त. पण मशीन आपल्यासारखं जोडाक्षर, काना, मात्रा एकत्र धरून मोजत नाही. ‘पिं’ आपल्याला एक, त्याला तीन: प, वेलांटी, अनुस्वार. ‘गा’ दोन, ‘वं’ दोन. असं करत मधल्या जागेसकट चौदा होतात. त्या पुण्याच्या मुलाने गावांची नावं रोमनमध्ये धरली असणार. नुसतं पिंपळगाव रोमनमध्ये बरोब्बर दहा अक्षरांत बसतं. मालकांनी नव्या पावत्या मराठीत मागितल्या आणि रकाना अपुरा पडला. मराठी नावांना असा हात आखडता घेऊ नये. पोस्टग्रेसमध्ये ‘टेक्स्ट’ हा प्रकार घ्यावा, त्याला लांबीची अट नाही आणि वेगातही फरक पडत नाही.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली तर मात्र दोष डेटाबेसचा नाही. बहुधा एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून फाइल काढलेली असते. तिथे ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. प्रश्नचिन्हं झाली की मूळ अक्षरं गेली, ती परत आणता येत नाहीत.

रात्री पावणेबाराला सगळं चढलं. ‘सेटअप पूर्ण’ ही ओळ मी काढायला लावली. तिच्या जागी प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून आकडा छापायला सांगितलं. गड्याने ‘झालं मालक’ म्हणण्यापेक्षा मीटरचा आकडा सांगावा.

फेब्रुवारीत पुन्हा फोन. रोजच्या आवकेची रोज एक फाइल चढायची. बारा दिवस बिनबोभाट चढली, १३ तारखेची नापास. ‘डेट/टाइम फील्ड व्हॅल्यू आउट ऑफ रेंज: १३/०२/२०२५’, आणि खाली सूचना, ‘डेटस्टाइल’ची, म्हणजे तारीख वाचायच्या पद्धतीची, सेटिंग वेगळी हवी असेल.

त्याला वाटत होतं १३ ची फाइल बिघडलीय. मी म्हटलं, “१३ ची सोड. ३ तारखेची आवक काढून दाखव.”

शोधलं तर ३ फेब्रुवारीला एक क्रेट नाही. सगळी आवक २ मार्चला. लॅपटॉप बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली, त्यामुळे पोस्टग्रेसने अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचला. ०३/०२ म्हणजे मार्चची दोन. ०५/०२ ची मे महिन्यात गेली, १२/०२ ची डिसेंबरात. तेरावा महिना इंग्रजी कॅलेंडरात नाही, म्हणून १३ ला ते पहिल्यांदा बोललं. बोललं नसतं तर मार्चअखेरच्या हिशेबात निम्मी द्राक्षं पुढच्या तारखांना लटकलेली दिसली असती.

डेटस्टाइल ‘आयएसओ, डीएमवाय’, म्हणजे आधी दिवस मग महिना, अशी केली, आणि फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्येही तारीख २०२५-०२-१३ अशी, वर्ष आधी, लिहायला लावली. या रूपात कुठल्याही देशाच्या सेटिंगला शंका येत नाही. मग आधीच्या बारा दिवसांच्या नोंदी उपसून फाइली पुन्हा चढवायला बसलो. खरं तर अकराच दिवसांच्या. २ फेब्रुवारीची नोंद आपल्या जागेवरच होती.